सातबाराचा घोळ

तारीख ही काय चीज असते, हे कुमारराव मढवींना न्हावा शेव्याच्या बंदरात पंचवीस वर्षं कारकुनी करून जेवढं कळलं नव्हतं, तेवढं एका वेबसाइटने सहा महिन्यांत शिकवलं. शिकवताना तिने त्यांची जी अब्रू काढली, तिची गोष्ट सुकापूरच्या त्यांच्या सोसायटीत अजून चवीने सांगितली जाते. सगळ्यांत जास्त चवीने सांगतात ते स्वतः कुमारराव.

२०१४ साली त्यांच्या खाडीकाठच्या गावातल्या शाळेला साठ वर्षं होत होती. हीरक महोत्सव करायचा आणि त्यातच चंद्रावतीबाईंचा सत्कार करायचा, असं माजी विद्यार्थ्यांच्या समितीने ठरवलं. बाईंनी त्या शाळेत तीस वर्षं पहिलीला शिकवलं होतं. गावातल्या ज्या माणसाला सही करता येत होती, त्याच्या सहीचं पहिलं अक्षर बाईंनी हात धरून गिरवून घेतलेलं होतं. समितीचे अध्यक्ष बळीराम घरत. पूर्वी मिठागर, मग जमीन, आता दोन इमारती. सचिव आपले कुमारराव.

पहिल्याच बैठकीत बळीराम म्हणाले, "वीस फ्लेक्स लावू नाक्यानाक्यावर. इषय संपला."

"फ्लेक्स जेद्दाला दिसेल का? ह्यूस्टनला दिसेल का?" कुमारराव म्हणाले. "आपला दयाराम जेद्दाला आहे. धर्मराज कोळी ह्यूस्टनला आहे. वेबसाइट पाहिजे. मी बनवतो."

हे वाक्य ते आठ महिने तोंडात धरून बसले होते. पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या क्लासमध्ये दर रविवारी जाऊन, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ते वेब प्रोग्रामिंगची परीक्षा एकाहत्तर टक्क्यांनी पास झाले होते. प्रमाणपत्राला फ्रेम करून ते त्यांनी फ्रिजच्या वर लावलं होतं. पाणी प्यायला आलेल्या माणसाला दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

कार्यक्रमाचा दिवस ठरला रविवार, सात डिसेंबर.

"सात बारा?" बळीराम खूश झाले. "अरे, मंग हा तर सातबाराच झाला! आपल्या लोकांना दुसरं काय नाय तरी सातबारा बरोबर लक्षात रावतो."

कुमाररावांच्या मनात वेबसाइट साधी नव्हती. माणूस जगात कुठेही असो, त्याला तारीख त्याच्या पद्धतीने दिसली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ही सोय प्रोग्रामच्या एका ओळीत होते, हे त्यांना क्लासमध्ये कळलं होतं. आपल्या प्रोग्रामने बघणाऱ्याच्या संगणकाला विचारायचं, 'बाबा रे, तुझ्याकडे तारीख कशी लिहितात?' तो सांगेल तशी मांडायची. कुमाररावांना ही कल्पना फार सुसंस्कृत वाटली. पाहुण्याला विचारून चहात साखर घालावी तशी.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरच्या दमयंतीकाकू पंचांग घेऊनच वर आल्या. "मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा येते. तिथी टाका. इंग्रजी तारखेला कोण विचारतं?" तळमजल्यावर स्टेशनरीचं दुकान असलेला भावेश म्हणाला, "कुमारभाई, आमची गुजराती पण टाका. शाळा तुमची असेल, पण वह्या माझ्याकडून जातात." कुमाररावांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि 'विचाराधीन आहे' असं सांगितलं. हा शब्द वापरायची त्यांना फार वर्षांपासून इच्छा होती.

जूनच्या मध्यावर वेबसाइट सुरू झाली. प्रोग्राममध्ये त्यांनी तारीख लिहिली होती ०७/१२/२०१४. समोर पडद्यावर आली ७/१२/२०१४. त्यांनी बायकोला हाक मारली. मनिषाबाई हातातलं कणकीचं ताट घेऊनच आल्या.

"बघ."

"काय बघू? तारीख तर दिसतेय नुसती."

"नुसती नाही. ही तारीख मी लिहिलेली नाही. ही तुझ्या संगणकाच्या पद्धतीने, संगणकाने मांडलेली आहे."

"पण तुम्ही लिहिली होतीत तशीच आहे की."

"तेच तर!" कुमारराव म्हणाले. पुढे चार आठवड्यांनी त्यांना या संवादाची आठवण झाली, तेव्हा त्यांनी उशीत तोंड खुपसलं.

मग शाळेचं मैदान वापरायला परवानगी. तालुक्याच्या कचेरीत अर्ज करायचा होता. अर्जात कार्यक्रमाची तारीख लिहायची, एवढं साधं काम. पण साधेपणाने लिहितील तर ते कुमारराव कसले? त्यांनी लिहिलं, 'कार्यक्रमाचा सविस्तर तपशील आमच्या वेबसाइटवर पाहावा.' खाली पत्ता, आणि पत्त्याखाली रेघ.

आठ दिवसांनी परवानगी आली. 'दिनांक १२ जुलै रोजी मैदान वापरण्यास हरकत नाही.'

कुमारराव अर्धी रजा टाकून कचेरीत गेले. टेबलावर शोभाताई नावाच्या कारकून होत्या. त्यांनी शांतपणे आपल्या संगणकावर वेबसाइट उघडून पडदा त्यांच्याकडे वळवला. तिथे स्पष्ट होतं, १२-०७-२०१४.

"तुमचा संगणक बिघडलाय," कुमारराव म्हणाले.

"सरकारी संगणक आहे," शोभाताई म्हणाल्या. "तो स्वतःहून काहीही करत नाही."

कुमाररावांनी खिशातून फोन काढून आपली तारीख दाखवली. शोभाताईंनी ती पाहिली, आपल्या पडद्याकडे पाहिलं, आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. "दुरुस्तीचा अर्ज द्या."

रागात माणसाने अर्ज लिहू नये. कुमाररावांनी विषयात लिहिलं, 'सातबारा दुरुस्त करून मिळणेबाबत.' आवकजावकच्या माणसाने तेवढंच वाचलं आणि अर्ज मागच्या इमारतीत तलाठ्याकडे पाठवला. तिथून दहा दिवसांनी उत्तर आलं, की जमिनीचा गट क्रमांक लिहावा, सर्व वारसांची संमतीपत्रं जोडावीत, आणि बोजा असल्यास तसं नमूद करावं. बळीरामांनी हे पत्र वाचलं आणि पहिल्यांदा गंभीर झाले. "कुमार, खरं सांग. शालंच्या जमिनीवर कोनी दावा टाकलाय का?"

तोपर्यंत जुलै उजाडला होता. कुमारराव सगळ्यांना एकच सांगत होते, की सरकारी संगणक जुनाट आहेत, आपला प्रोग्राम अचूक आहे.

अकरा जुलैला, शुक्रवारी संध्याकाळी, फोन वाजला.

"कुमार! उतरलो रं मुंबईत!"

"कोण?"

"अरे, धर्मराज! ह्यूस्टनवरून! उद्या कार्यक्रम किती वाजता हाय? बाईंना शाल आनलीय मी. जहाजावरनं आठ दिवसांची रजा काढलीय, नाय नाय म्हणत होते. एकोणीस वर्षांनी येतोय, कुमार!"

कुमारराव काय बोलले ते त्यांना आठवत नाही. मनिषाबाई सांगतात, की ते "दहा वाजता" म्हणाले आणि खुर्चीवर बसले, पण खुर्ची तिथे नव्हती.

जमिनीवर बसल्या बसल्या त्यांना सगळं कळलं. कळायला हवंच होतं. बंदरातल्या त्यांच्या टेबलावर पंचवीस वर्षं अमेरिकेची कागदपत्रं येत होती. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो आणि दिवस मागून, हे ते नव्या कारकुनांना पहिल्याच दिवशी शिकवायचे. या एका गोष्टीवरून त्यांनी किती जणांना फैलावर घेतलं होतं, याची गणती नाही. आणि आता त्यांनीच प्रोग्राममध्ये ०७/१२ लिहिलं, ते यंत्राने अमेरिकन रीतीने वाचलं, म्हणजे बारा जुलै. पुन्हा त्यांच्या घरचा संगणक आणि खिशातला फोनही दुकानातून आणले तसेच, अमेरिकन रीतीवर चालणारे. दोन्हींनी तो बारा जुलै ७/१२ असा मांडला. वाचताना चूक, दाखवताना तीच चूक, आणि दोघींनी मिळून कुमाररावांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. जगात एकटा शोभाताईंचा संगणक खरं बोलत होता.

"आता काय करणार?" मनिषाबाईंनी विचारलं.

कुमाररावांच्या डोक्यात सबबी तयार होत होत्या. समितीने ऐन वेळी तारीख पुढे ढकलली. मैदानात पाणी भरलं. तलाठ्याने हरकत घेतली. प्रत्येक सबब ऐकायला बरी होती. पण एकोणीस वर्षांनी घरी आलेल्या माणसाला सबब सांगायची त्यांची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दहाच्या आधीच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. दुसरा शनिवार, फाटकाला कुलूप. टॅक्सीतून धर्मराज उतरला. सूट, टाय, हातात मोठी पिशवी. त्याने कुलूप पाहिलं, रिकामं मैदान पाहिलं, आणि मग कुमाररावांकडे पाहिलं.

"चूक माझी आहे, धर्मराज," कुमारराव म्हणाले. "कार्यक्रम सात डिसेंबरला आहे. तारीख वेबसाइटवर मी उलटी घातली. दुसऱ्या कुणाचाही दोष नाही."

धर्मराजने टाय सैल केला. "डिसेंबरला मी समुद्रावर असणार." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "बाई तर हायत ना गावात?"

बाई अंगणातल्या पडवीत सुपात सुकट निवडत बसल्या होत्या. सत्त्याहत्तरीच्या, पण पाठ ताठ. सूटवाल्या माणसाकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"धर्मराज कोळी," त्या म्हणाल्या. "'ळ' नीट काढायला लागलास का?"

छपन्न देशांची बंदरं पाहिलेला तो माणूस तिथे पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. शाल त्याने बाईंच्या खांद्यावर घातली तेव्हा बाईंच्या हाताला सुकटीचा वास होता, म्हणून त्या ती शाल हात न लावता, मान वळवून वळवून बघत राहिल्या. फोटो काढायचं कुमाररावांना सुचलं नाही. याची चुटपुट त्यांना अजून आहे.

मग तारखेचा घोळ त्यांनी बाईंना सांगितला. सगळा सांगितला, तलाठ्यासकट. बाई इतक्या हसल्या, की सूप बाजूला ठेवावं लागलं.

"कुमार, तू एका कार्यक्रमाची तारीख चुकवलीस. मी तर अख्ख्या गावाची चुकवली आहे."

"म्हणजे?"

"तुझा जन्म कधीचा?"

"एक जून."

"तुझा, धर्मराज?"

"एक जून." आणि धर्मराज एकदम ताठ बसला. "बाई! आमच्या कंपनीत आमी चार भारतीय. चौघंपन एक जूनचे! अमेरिकन लोक इचारतात, तुमच्या देशात त्या दिवशी काय असतं?"

"त्या दिवशी हजेरीपटाचा हिशेब जुळतो, बाळा," बाई म्हणाल्या. "तुमच्या आया तुम्हाला पहिलीत घालायला आणायच्या. मी विचारायची, जन्म कधीचा? कुणी सांगायची, होड्या किनाऱ्याला ओढल्या तेव्हाचा. कुणी सांगायची, बांध फुटला त्या दिवशीचा. रजिस्टरच्या रकान्यात हे कसं बसवणार? वरून साहेबांना हवे आकडे. मी सगळ्यांना एक जून देऊन टाकला."

त्या उठल्या, आत गेल्या, आणि खाकी पुठ्ठ्याची एक जाड वही घेऊन आल्या. "पण आया सांगायच्या ते खोटं नव्हतं. ते मी इथे लिहून ठेवायची. फेकून द्यायचं जिवावर आलं."

कुमाररावांनी पान उलटलं. बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'कुमार. आई मैना. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. आई मिठागरावर निघाली होती, वाटेतून परतली.'

त्यांची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, आणि मग काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हणाले, "म्हणजे मी अडीच महिन्यांनी तरुण आहे."

"अक्कल तेवढीच आहे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा सुकट निवडू लागल्या.

वही घेऊन कुमारराव घरी आले ते वेगळेच होऊन. आधी त्यांनी तारीख दुरुस्त केली. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, २०१४-१२-०७. जगात कुणाचाच गैरसमज होऊ नये अशी रीत. महिना अक्षरात दाखवायची सोयही केली. पडद्यावर '७ डिसेंबर २०१४' उमटलं तेव्हा त्यांना वाटलं, आता आपण सुटलो.

चार दिवसांनी परत गेलेल्या धर्मराजचा निरोप आला. 'इथे सहा डिसेंबर दिसतोय. या वेळी मी फसायचा नाय.'

नुसती तारीख दिली की यंत्र ती मध्यरात्रीची धरतं, आणि मध्यरात्रही कुठली, तर लंडनच्या घड्याळाची. त्या क्षणी ह्यूस्टनला आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. कुमाररावांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला, हातात पट्टी घेतली, आणि दोन संध्याकाळी घालवून ठरवलं, की तारखेला दुपारी बाराची वेळ चिकटवायची. लंडनला दुपारचे बारा असताना आपल्या माणसांच्या एकाही गावात दिवस बदलत नाही. लग्नाचा मुहूर्तसुद्धा सोसायटीत कुणी इतक्या काळजीने काढला नसेल. दमयंतीकाकूंनी पंचांग उघडून अनुमोदन दिलं.

आता राहिली सौदीतली जेद्दा. दयारामच्या संगणकावर काय दिसेल, हे पाहायला त्यांनी भावेशच्या दुकानातल्या संगणकाची भाषा अरबी केली. तारीख आली, पण साल आलं १४३६.

"पावणेसहाशे वर्षं मागे गेलं!" कुमारराव किंचाळले. घाबरून ते भाषा परत बदलायला गेले, तर सगळी बटणं अरबीत, आणि तीही उजवीकडून डावीकडे. भावेशचं बिल अडकलं, मागे गिऱ्हाईकं थांबली, भावेश म्हणाला, "कुमारभाई, तुम्ही गुजराती टाकणार होता."

कुणीतरी शेजारच्या गॅरेजमधून नजीर मुकादमांना बोलावलं. त्यांनी 'अरबी वाचता येतं मला' म्हणत हात पुसले आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचून दाखवली.

"वा! अर्थ काय?" कुमाररावांनी विचारलं.

"मला वाचता येतं म्हणालो," नजीरभाई म्हणाले. "कळतं असं कुठे म्हणालो?" मग तारखेपाशी त्यांचं बोट थांबलं. "पण हे कळतं. हा हिजरी सन आहे. सफर महिन्याची पंधरा. बघू, डिसेंबरचा सातवा दिवस… बरोब्बर आहे, कुमारभाई. अगदी बरोबर आहे."

दुकान बंद पडलं होतं, भावेश डोक्याला हात लावून बसला होता, आणि कुमारराव नजीरभाईंचा हात दोन्ही हातांत धरून हलवत होते. आपल्या गावच्या शाळेचा महोत्सव सफर महिन्याच्या पंधरा तारखेलाही आहे, या विचाराने त्यांची छाती दोन इंच रुंद झाली होती. संगणक शेवटी, चौथं बटण दाबून बघू म्हणत, भावेशनेच ताळ्यावर आणला.

सात डिसेंबरला मैदान भरलं. कुणी सहाला आलं नाही, कुणी आठलाही आलं नाही. परवानगीचं पत्रही बरोबर तारखेचं होतं. शोभाताई स्वतः ते पोचवायला आल्या आणि तिसऱ्या रांगेत बसल्या. जेद्दाहून दयाराम आला. धर्मराज समुद्रावर होता, पण त्याची शाल बाईंच्या खांद्यावर होती.

बळीराम माइकवर आले. "ह्यो आमचा कुमार. ह्यानं पैली तारीक चुकवली. मंग सुदारली. मंग परत चुकवली, परत सुदारली. आमी फ्लेक्सवाले. आमची एकदा चुकली का तशीच वर्षभर लटकते. टाल्या वाजवा!"

टाळ्या वाजल्या. मग कुमाररावांनी मोठ्या पडद्यावर बाईंची वही उघडली. आठ महिन्यांच्या क्लासमध्ये शिकलेलं सगळं त्यांनी त्यात ओतलं होतं. एकेक नाव, त्यापुढे सरकारी एक जून, आणि त्याखाली आईने सांगितलेलं. 'बळीराम. मोठ्या भरतीत बांध फुटला त्या दिवशी. बापूस बांधावर होता, त्याला संध्याकाळी कळलं.' बळीराम स्टेजवरच खाली बसले.

पुढे कार्यक्रमपत्रिका कुणाच्या हातात राहिली नाही. प्रमुख पाहुण्यांचं भाषण चार मिनिटांत आटपलं, कारण त्यांनाही आपली तारीख सांगायची होती, तेही एक जूनचेच निघाले. बाईंच्या नंतरच्या शिक्षकांनी वही ठेवली नव्हती, त्यामुळे शेकडो लोकांच्या तारखा पडद्यावर नव्हत्याच. ज्यांच्या आया हयात होत्या त्यांनी आयांना हाताला धरून पुढे आणलं. ज्यांच्या नव्हत्या त्यांनी मावश्या आणल्या. कुमारराव स्टेजखाली एका बाकावर लॅपटॉप घेऊन बसले आणि सांगतील तसं टाइप करू लागले. बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि ऱ्हस्व-दीर्घ सांगू लागल्या. वडे थंड झाले. कुणी तक्रार केली नाही.

"नाव?" कुमाररावांनी मान वर न करता विचारलं.

"मनिषा कुमार मढवी."

त्यांनी वर पाहिलं. "अगं, तू आमच्या शाळेची कुठे?"

"एक जूनची तर आहे," मनिषाबाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं त्याच दिवशी मला श्रीखंड खाऊ घालताय. खरी कधीची, ते एकदा तरी विचारलंत का?"

बाईंनी चष्म्यावरून कुमाररावांकडे पाहिलं. जगातल्या सगळ्या देशांच्या तारखा बरोबर मांडणारा तो माणूस कानापर्यंत लाल झाला.

"सांग," ते हळूच म्हणाले.

"माघ महिना. आई वालाच्या शेंगा सोलत होती. गुरुवार होता, इतकं तिला पक्कं आठवायचं."

कुमाररावांनी शब्द न् शब्द तसाच लिहिला. बाईंनी 'शेंगा'वरचा अनुस्वार तपासला.

"मागे अजून किती आहेत, बघ जरा," ते म्हणाले.

मनिषाबाईंनी वळून पाहिलं. "फाटकापर्यंत रांग आहे. बाहेर रस्त्यावरही आहेत."

कुमाररावांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. काठी टेकत एक म्हातारी पुढे येत होती, तिच्या मागे तिचा साठीचा मुलगा. तिच्यासाठी त्यांनी बाकावर सरकून जागा केली.

"या, आजी, बसा," ते म्हणाले. "सावकाश सांगा. घाई नाही."